टी-शर्ट छपाई : प्रेसइतकेच महत्त्व कात्रीला

टी-शर्टवर नाव, फोटो किंवा क्रिकेट संघाचे चिन्ह उमटवून देण्याचे काम आपले अनेक कारागीर बांधव करतात. हीट प्रेस, इंकजेट प्रिंटर आणि ट्रान्सफर पेपरचे पाकीट एवढ्यावर धंदा सुरू होतो. पण छपाई उत्तम असूनही चित्राभोवती चौकोनी चकाकी दिसली की ग्राहक माल परत आणतो. हा दोष प्रेसचा नसून कापणीचा असतो.

ट्रान्सफर पेपरवर प्लॅस्टिकसारखा पातळ थर असतो. उष्णतेने तो वितळून धाग्यांत रुततो व शाई धरून ठेवतो. शाई असो वा नसो, जेवढा कागद तेवढा थर शर्टावर उतरणारच. म्हणून कोरा भाग आधीच कापून टाकावा लागतो.

फिकट रंगाच्या शर्टासाठीच्या कागदावर चित्र उलटे छापतात. त्याच्या कडेने दोन-तीन मिलिमीटर जागा सोडली तरी चालते. गडद शर्टाचा कागद वेगळा. तो पांढरा असून चित्र सरळ छापले जाते आणि मागचा कागद सोलून वरचा थर शर्टावर ठेवतात. येथे केसभर पांढरे राहिले तरी काळ्या शर्टावर रेघ उठून दिसते. तेव्हा रंग थोडा बाहेरपर्यंत छापून कात्री रंगाच्या आतूनच चालवावी.

शाई पूर्ण वाळल्यावरच कापावे. वळणावर कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. शिंपीकाम केलेल्यांना हे सांगायला नको. टोकदार कोपरे धुलाईत आधी उचलतात, ते गोल करावेत.

अक्षरांचे काम मात्र किचकट आहे. देवनागरी नाव शिरोरेषेमुळे बहुतांशी एकसंध राहते, पण अनुस्वार सुटतो. उर्दूत तर नुक्ते वेगवेगळे! गडद कागदातून ते कापून, सोलून नेमक्या जागी बसवणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच, आणि एक नुक्ता हरवला की शब्दच बदलतो. अशा वेळी अक्षरांमागे रंगीत पट्टी किंवा लंबगोल घेऊन तेवढाच आकार कापावा, असे आम्ही सुचवू.

या कापणीचे पैसे अनेकजण लावतच नाहीत. साधा गोल आणि फांद्या-पानांची नक्षी यांना एकच दर लावणे म्हणजे आपली मजुरी सोडून देणे होय. दर सांगण्यापूर्वी एक नमुना कापून वेळ मोजावा.

अलीकडच्या डीटीएफ पद्धतीत गोंदाची भुकटी फक्त शाईलाच चिकटते, त्यामुळे कडा कापाव्या लागत नाहीत. मात्र तिची पांढरी शाई यंत्र बंद राहिल्यास नळ्यांत साचते. रोजचे काम नसेल तर यंत्र घेण्याऐवजी मोठ्या ऑर्डरची फिल्म बाहेरून छापून घ्यावी. एक-दोन नगांना ट्रान्सफर पेपर आणि धारदार कात्री पुरेशी आहे.