कार्ड बसले, पण चालेल का?

लग्नाच्या चित्रीकरणाच्या फायली, कार्यालयाचे दहा-बारा वर्षांचे हिशेब, घरातल्या तीन पिढ्यांची स्कॅन केलेली छायाचित्रे हे सारे एका हार्ड डिस्कवर मावेनासे झाले, की अनेक जण घरातल्या जुन्या संगणकाचाच स्टोरेज सर्व्हर करावयास घेतात. कल्पना उत्तम आहे. ट्रूनाससारखी प्रणाली मोफत मिळते आणि आठ डिस्क अशा गुंफता येतात, की त्यातली एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी. अडचण एवढीच, की साध्या मदरबोर्डावर साटाच्या जोडण्या बहुधा चार किंवा सहाच असतात. उरलेल्या डिस्कसाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते आणि घोटाळा नेमका तेथेच होतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असो वा ऑनलाइन, ग्राहकाचा प्रश्न ठरलेला असतो : हे कार्ड माझ्या बोर्डात बसेल का? 'बसेल' हे उत्तर खोटे नसते. प्रश्नच अपुरा असतो.

पूर्वीच्या पीसीआय स्लॉटची गोष्ट सरळ होती. सेकंदाला सुमारे १३३ एमबी वाहून नेणारा एकच रस्ता सर्व कार्डे वाटून घेत. २००३च्या सुमारास आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसने प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र मार्गिका दिल्या. एक, चार, आठ किंवा सोळा. पहिल्या पिढीत एका मार्गिकेचा वेग २५० एमबी होता, दुसऱ्या पिढीत ५००, तिसऱ्या पिढीत जवळजवळ एक हजार, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. (जुन्या बाजारात दिसणारी पीसीआय-एक्स ही कार्डे निराळी. नावावरून फसून ती घेऊ नयेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये ती बसतच नाहीत.)

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. स्लॉटची लांबी आणि त्याला प्रत्यक्ष जोडलेल्या मार्गिका यांचा संबंध असेलच असे नाही. २०१८मध्ये आलेल्या एएमडीच्या बी४५० चिपसेटचे उदाहरण घ्या. त्यावर आधारित अनेक मदरबोर्डांवर दोन लांब स्लॉट दिसतात. वरचा प्रोसेसरला जोडलेला, सोळा मार्गिकांचा. खालचा लांबीने तेवढाच; परंतु तो चिपसेटला जोडलेला, दुसऱ्या पिढीचा आणि चारच मार्गिकांचा. काही बोर्डांवर तर पूर्ण लांबीच्या स्लॉटला आत एकच मार्गिका असते. बाहेरून पाहून हे कळणे कठीण.

आता घरगुती सर्व्हर बांधणाऱ्यांचे आवडते कार्ड घेऊ : एलएसआयचे ९२११-८आय. आठ डिस्क, दुसरी पिढी, आठ मार्गिका. म्हणजे सेकंदाला कागदोपत्री चार हजार एमबी. फिरत्या तबकडीची एक डिस्क सेकंदाला दोनशे एमबी देते असे धरले, तर आठांचे सोळाशे झाले. बी४५०च्या खालच्या स्लॉटमध्ये हे कार्ड घातले तरी दोन हजारांत काम कसेबसे भागते. मात्र एकाच मार्गिकेच्या लांब स्लॉटमध्ये ते गेले, तर हाती उरतात पाचशे एमबी आणि प्रत्येक डिस्कच्या वाट्याला जेमतेम साठ. तो स्लॉट चौथ्या पिढीचा असला तरी उपयोग नाही; कार्ड दुसऱ्या पिढीचे असल्याने दुवा दुसऱ्याच पिढीचा जुळतो.

रोजच्या वापरात हे जाणवतही नाही, कारण घरातले नेटवर्कच त्याहून संथ असते. खरी कसोटी डिस्क बंद पडते त्या दिवशी लागते. आठ टीबीची भरलेली डिस्क बदलून नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभी करायला दोनशेच्या वेगाने अकरा तास पुरतात. साठच्या वेगाने दीड दिवस लागतो. एकाच डिस्कची तूट सोसणारी रचना असेल आणि त्या दीड दिवसात आणखी एक डिस्क गेली, तर सारे संपले. एकाच वेळी विकत घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या डिस्क असतील तर ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

म्हणून कार्डाचे पैसे देण्यापूर्वी मदरबोर्डाची माहितीपुस्तिका उघडावी. ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर मोफत असते. स्लॉटच्या तक्त्यात लांबीपुढे कंसात दिलेला आकडा खरा. त्याखालच्या बारीक टिपाही वाचाव्यात : एम.२ जागेत एसएसडी बसविली की दोन साटा जोडण्या बंद पडतात, असे तेथेच लिहिलेले असते. प्रोसेसरही पाहावा. रायझन ३ २२००जीसारख्या अंगभूत ग्राफिक्सच्या प्रोसेसरमुळे वरच्या स्लॉटला सोळाऐवजी आठच मार्गिका मिळतात. आपल्या कार्डाला त्या पुरेशा आहेत. शिवाय ग्राफिक्स कार्ड नसल्याने तो स्लॉट मोकळाच राहतो. डिस्कचे कार्ड तेथेच बसवावे. चार एसएसडी एकाच कार्डावर बसविण्याचा विचार असेल, तर सोळा मार्गिका चार-चारमध्ये विभागण्याची सोय बायोसमध्ये आहे का, हे आधी पाहावे. अन्यथा अशा साध्या कार्डावरील चारांपैकी एकच एसएसडी दिसते.

जुने कार्ड घेताना आणखी दोन गोष्टी. त्यातील फर्मवेअर रेडचे आहे, की डिस्क थेट प्रणालीच्या स्वाधीन करणारे 'आयटी मोड'चे, हे विचारावे. ट्रूनासला दुसरे लागते. आणि ही कार्डे सर्व्हरमधल्या घोंघावणाऱ्या पंख्यांच्या वाऱ्यासाठी बनविलेली असतात. घरातल्या शांत कॅबिनेटमध्ये ती चटका बसेल इतकी तापतात. छोटा पंखा लावणे भाग आहे.

कार्ड बसविल्यावर लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा सविस्तर स्वरूपात चालवावी. तिच्या उत्तरात दुव्याच्या दोन नोंदी दिसतात : एक कार्डाच्या क्षमतेची, दुसरी प्रत्यक्ष जुळलेल्या दुव्याची. दुसरीत वेगापुढे ५ आणि रुंदीपुढे ८ दिसले तर ९२११चे काम चोख झाले. तेथे १ दिसला, तर डिस्कवर पहिली फाइल चढविण्याआधीच संगणक बंद करून कार्डाची जागा बदलावी.