९१ सेकंदांचा राजा

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. एरवी वीकेंडला दहाच्या आत डोळे न उघडणारा मी सकाळी आठलाच लॅपटॉप मांडून बसलो होतो. शेजारी चहाचा कप घेऊन बाबा. तिकडे टेक्ससमध्ये, आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये माइक टायसन रिंगमध्ये उतरणार होता. वय वर्षं ५८! समोर २७ वर्षांचा यू-ट्यूबर जेक पॉल.

दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड. सुरुवातीला जरा जान होती, मग टायसनचे पाय जड झाले. तिन्ही जजेसचा कौल पॉलला. बाबा रिकामा कप उचलत एवढंच म्हणाले, "ह्याचा नुसता पेपरातला फोटो बघून टरकायचो रे आम्ही!"

माझ्या पिढीचा टायसन म्हणजे मोबाइलवरच्या नॉकआउटच्या क्लिप्स, 'हँगओव्हर'मधला वाघवाला आणि 'लायगर'मधला पाहुणा. बाबांचा टायसन वेगळाच होता. म्हटलं, बघूया तरी.

कस नावाचा म्हातारा

टायसनचा जन्म १९६६चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत तो वाढला. चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या, वारंवार पोलीस. शेवटी रवानगी मुलांच्या सुधारगृहात. तिथल्या बॉबी स्टुअर्ट नावाच्या काउन्सेलरनं, जो स्वतः बॉक्सर होता, त्याला कस डी'अमाटोकडे नेलं. कस सत्तरीतला ट्रेनर. त्यानं या मुलाला घरातच ठेवून घेतलं आणि आई वारल्यावर त्याचं कायदेशीर पालकत्वही घेतलं.

हेवीवेटच्या मानानं टायसन बुटका, जेमतेम ५ फूट १० इंच. मग कसनं त्याच्या उंचीचंच हत्यार केलं. ग्लोव्ह्ज गालाशी, डोकं सतत हलतं, आणि उंच माणसाच्या ठोशाखालून आत शिरून वार. या स्टाइलचं नाव 'पीक-अ-बू'. कसचा दुसरा फंडा भीतीचा. भीती आगीसारखी असते. ताब्यात ठेवली तर अन्न शिजवते, सुटली तर घर जाळते.

नोव्हेंबर १९८५मध्ये कस गेला. साधारण वर्षभरानं, २२ नोव्हेंबर १९८६ला टायसननं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला. २० वर्षं ४ महिने. इतका लहान हेवीवेट चॅम्पियन आजवर झालेला नाही. विसाव्या वर्षी आपण काय करत होतो? मी तर एटीकेटी सोडवत होतो!

शिखर आणि उतार

जून १९८८मध्ये मायकेल स्पिंक्स समोर आला. तोवर एकदाही न हरलेला. मॅच संपली ९१ सेकंदांत. आपल्या ऑफिसच्या लिफ्टला यायला याहून जास्त वेळ लागतो, बॉस.

पण त्याच वर्षी खालून विटा निघत होत्या. कसचा जुना साथी आणि मॅनेजर जिम जेकब्ज मार्चमध्ये वारला. कसच्या तालमीत तयार झालेला ट्रेनर केव्हिन रूनी, त्याला टायसननं वर्षअखेरीपर्यंत काढून टाकलं. प्रमोटर डॉन किंग जवळ आला. अभिनेत्री रॉबिन गिव्हन्सशी केलेलं लग्न वर्षभरातच मोडलं.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. समोर बस्टर डग्लस. लास वेगासच्या एका कसिनोनं त्याला ४२ला १ असा भाव दिला होता, म्हणजे जिंकण्याची आशा नाहीच. डग्लसची आई काही आठवड्यांपूर्वीच वारली होती, आणि तो आयुष्यात एकदाच लढावं तसा लढला. टायसनचा डोळा सुजत गेला. सूज दाबायचं साधं लोखंडी साधनही त्याच्या कॉर्नरकडे नव्हतं. रबरी ग्लोव्हमध्ये गार पाणी भरून शेकत बसले. दहाव्या राउंडमध्ये टायसन पडला. गुडघ्यांवर रांगत तोंडातलं गार्ड शोधणारा तो चॅम्पियन मी पुन:पुन्हा बघितला.

ताईचा प्रश्न

इथवर लिहून मी ताईला फोनवर ड्राफ्ट वाचून दाखवला. पुढे काय लिहिणार, तेही सांगितलं. १९९२चा तुरुंगवास, मग कमबॅक, मग कान चावणं... ती मध्येच म्हणाली, "अरे, तुरुंगात का गेला ते एका ओळीत? आणि त्या मुलीचं काय?"

मी गप्प. ४२ला १ पाठ होतं मला, ९१ सेकंद पाठ होते. ती मुलगी १८ वर्षांची होती, हे मात्र शोधावं लागलं. इंडियानापोलिसला एका सौंदर्यस्पर्धेसाठी ती आली होती. फेब्रुवारी १९९२मध्ये ज्युरीनं टायसनला बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. सहा वर्षांची शिक्षा झाली, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, मार्च १९९५मध्ये तो सुटला. त्यानं गुन्हा कधीच कबूल केला नाही. बाहेर आल्यावर कोट्यवधींच्या मॅचेस तयारच होत्या. कस गेला, टीम बिघडली, हे रिंगमधल्या हरण्याचं कारण होऊ शकतं. या गुन्ह्याचं नाही.

हिशेब

१९९६मध्ये टायटल्स परत आली आणि त्याच वर्षी इव्हँडर होलिफील्डनं एक हिसकावलं. जून १९९७च्या रीमॅचमध्ये टायसननं होलिफील्डचा कान चावला. लायसन्स गेलं, ३० लाख डॉलर दंड बसला. २००२मध्ये लेनॉक्स लुईसनं नॉकआउट केलं. २००३मध्ये दिवाळखोरी! कमाई सुमारे ३० कोटी डॉलर, डोक्यावर कर्ज २ कोटी ३० लाखांचं. २००५मध्ये केव्हिन मॅकब्राइडसमोर तो स्टुलावरून उठलाच नाही. २०११मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं, २०१२मध्ये ब्रॉडवेवर त्यानं एकट्यानं आपली कहाणी सांगितली.

पहिलं प्रमोशन, पहिला मोठा पगार मिळाला की आपल्याही भोवती 'हो सर' म्हणणारे जमतात. टायसनजवळ 'नाही' म्हणणारा रूनी होता, त्यालाच त्यानं घालवलं. आणि आम्ही फॅन्स? आम्हीही टाळ्याच वाजवत होतो.

माझ्यापाशी निदान ताई आहे. तुमच्या कॉर्नरमध्ये कोण आहे?