मधल्या भागात रंग का भरत नाही?

नववीच्या वर्गात संच शिकवताना फळ्यावर वेन आकृती काढणे सोपे असते. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढायची आणि मधला सामाईक भाग रंगीत खडूने भरायचा. हीच आकृती प्रश्नपत्रिकेसाठी संगणकावर, इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये काढायला बसले की मात्र पंचाईत होते. पहिले वर्तुळ निवडून रंग दिला तर ते पूर्ण रंगते, दुसरे निवडले तर तेही पूर्ण रंगते. मधला भाग तेवढा निवडताच येत नाही. आपल्याला तीन भाग स्पष्ट दिसतात, मग संगणकाला ते का दिसू नयेत?

कारण त्याच्या लेखी ते भाग नाहीतच. 'पेंट'सारख्या प्रोग्रॅममध्ये चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी असते. बादलीने ओतलेला रंग एका ठिपक्यावरून त्याच रंगाच्या शेजारच्या ठिपक्यावर पसरत जातो आणि वेगळ्या रंगाची रेघ आडवी आली की थांबतो. (रेघेत बारीकशी फट राहिली, तर रंग सगळ्या कागदावर सांडतो!) इंकस्केपमध्ये ठिपके साठवलेले नसतात, तर प्रत्येक आकाराचे वर्णन साठवलेले असते: केंद्र येथे, त्रिज्या इतकी, आतला रंग अमुक. म्हणूनच चित्र कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा खडबडीत होत नाहीत. आपल्या आकृतीत अशी दोनच वर्णने आहेत. ती एकमेकांवर पडून तिसरा भाग तयार झाला, याची नोंद कोठेही नाही. वर्तुळावरून रेघ ओढली तरी हेच होते. बांगडीवर काडी ठेवली म्हणून बांगडीचे दोन तुकडे होत नाहीत.

तेव्हा तो भाग आपणच मुद्दाम तयार करून घ्यावा लागतो. गंमत अशी, की त्यासाठी 'पाथ' या यादीत दिलेल्या आज्ञा म्हणजे आपण संचांच्या धड्यात शिकवतो त्याच क्रिया आहेत! 'युनियन' म्हणजे संयोग, 'इंटरसेक्शन' म्हणजे छेद. दोन्ही वर्तुळे निवडून, कंट्रोल आणि डी दाबून त्यांच्या प्रती काढाव्यात आणि त्या प्रतींवर 'इंटरसेक्शन' चालवावे. डोळ्याच्या आकाराचा तुकडा मिळतो, तो हवा तसा रंगवावा. प्रती न काढता आज्ञा दिली तर मूळ वर्तुळे खर्ची पडतात. रेघेने वर्तुळ कापायचे असेल तर रेघ वर ठेवून दोन्ही निवडावे व 'डिव्हिजन' म्हणावे.

इंकस्केपमध्ये २००८ पासून बादलीही आहे. ती पडद्यावरचे ठिपके पाहून बंदिस्त भाग शोधते आणि त्याच्या कडेने नवा आकार आखते. काम झटपट होते, पण कड नेमकी हवी असेल तर आधी चित्र मोठे करून घ्यावे. २०२३ मध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत छेदणाऱ्या आकारांचे सगळे तुकडे समोर मांडणारे एक साधनही आले. तरीही मुलांना शिकवताना 'इंटरसेक्शन'चीच वाट धरावी, असे मला वाटते. तीत गणित दिसते.

एकच रेघ स्वतःलाच छेदत असेल तर? हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढा. मधला पंचकोन चांदणीच्या आत की बाहेर? संगणकाकडे याची दोन उत्तरे आहेत. एका नियमात, त्या बिंदूपासून बाहेरपर्यंत सरळ गेल्यास किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजतात. विषम आल्या तर बिंदू आत, सम आल्या तर बाहेर. टोकांतून १ रेघ ओलांडावी लागते, मधून २. म्हणून टोके रंगतात आणि पंचकोन कोरा राहतो. दुसऱ्या नियमात रेघांची दिशाही धरतात. डावीकडून उजवीकडे जाणारी अधिक १, उलट जाणारी उणे १, आणि बेरीज शून्य आली तरच बिंदू बाहेर. मधल्या पंचकोनातून निघताना दोन्ही रेघा एकाच दिशेच्या भेटतात, बेरीज २ होते आणि सगळी चांदणी भरते. हे मोजायला संगणक लागत नाही. वहीवर कशीही गुंतागुंतीची बंद रेघ काढायला सांगून मुलांकडून दोन्ही नियमांनी ती रंगवून घेता येते.