हर्मिसचे वारस

गोंदिया तालुक्यातील कामठा हे एकेकाळच्या मोठ्या जमीनदारीचे गाव. भातशेतीच्या आणि तलावांच्या मुलखातले, आणि मुंबईच्या गोदीपासून आगगाडीने सुमारे हजार किलोमीटर आत वसलेले. येथील माणसाच्या ओळखीची नौका म्हणजे तलावात मासेमारीस निघालेला डोंगा. तथापि समुद्राची गाज जेथे कधी पोहोचली नाही तेथेही एका युद्धनौकेचे लोखंड पोहोचले असणे अगदीच अशक्य नाही. कारण मुंबईच्या दारूखाना भागात मोडीत निघालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा धातू वापरून बजाज कंपनीने २०१६ साली ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली होती. ही ‘विक्रांत’ १९४३ साली इंग्लंडात बांधावयास घेतली तेव्हा तिचे नाव ‘हर्क्युलिस’ असे मुक्रर झाले होते, आणि हे नाव तर आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी सायकलीच्या दांडीवर वाचलेले आहे. ग्रीक पुराणातला हा महाबली वीर सायकलीवरून मोटारसायकलीवर गेला, एवढीच काय ती त्याची प्रगती!

आपली दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’, तीही ग्रीक देवमंडळातूनच आली. तिचे मूळ नाव ‘हर्मिस’. हा हर्मिस म्हणजे ऑलिंपस पर्वतावरील देवांचा दूत. पायांत पंखांचे जोडे घालून तिन्ही लोकी संचार करणारा, आपल्या नारदाच्या जातीचा. वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही कैवारी, शिवाय मृतात्म्यांना पाताळापर्यंत पोहोचविणारा. ब्रिटिश आरमाराची जुनी रीत अशी की, जहाज बुडो, जळो वा भंगारात निघो, त्याचे नाव दप्तरी जपून ठेवावे आणि योग्य वेळी एखाद्या नव्या जहाजास बहाल करावे. त्यामुळे ‘हर्मिस’ या नावाची सनद दोन शतके एकीकडून दुसरीकडे फिरत राहिली.

यांतली पहिली नौका मूळची डच. १७९६ साली इंग्रजांनी ती पकडली तेव्हा तिचे नाव ‘मर्क्युरियस’ होते, म्हणजे हाच देव रोमन वेषातला. इंग्रजांनी त्यास ग्रीक वेष चढविला, आणि पुढच्याच वर्षी नौका समुद्रात गडप झाली. पुढची एक १८१४ साली अमेरिकेतल्या मोबिल उपसागराच्या मुखाशी किल्ल्याच्या तोफांखाली रुतून बसली, आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिच्याच खलाशांनी तिला आग लावली. पुढे त्याच नावाच्या एका क्रूझरवर १९१३ साली समुद्री विमानांचे प्रयोग झाले. तिला ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत जर्मन पाणबुडीने पाणतीर मारून बुडविले. मधल्या काही नौका सोडल्या तर या नावाचे ग्रहमान एकंदरीत बिकटच म्हणावयाचे.

१९१९ साली जलावतरण झालेली ‘हर्मिस’ मात्र विशेष ध्यानात ठेवण्याजोगी. विमाने वाहण्यासाठीच म्हणून मुळापासून आखलेली जगातील ही पहिली नौका. परंतु इंग्रजांचे बांधकाम रेंगाळले, आणि मागाहून काम सुरू करणाऱ्या जपानने आपली ‘होशो’ १९२२ सालीच पुरी केली. काळाने हा हिशेब विचित्र रीतीने पुरा केला. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार सिंहलद्वीपावर चालून आले, तेव्हा हल्ल्याची खबर मिळाल्यावरून ‘हर्मिस’ त्रिंकोमाली बंदरातून रातोरात बाहेर काढण्यात आली. पण तिची विमाने किनाऱ्यावरच राहिली होती. ९ एप्रिलच्या सकाळी बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी तिला गाठले. ज्या नौकेचा जन्मच विमानांसाठी, तिच्यावर त्या घटकेला एकही विमान नव्हते. थोड्याच अवधीत ती तळाला गेली. ३०७ माणसे मेली, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘व्हिटा’ या रुग्णालय-जहाजाने पाण्यातून उचलले.

आपल्याकडे आलेली ‘हर्मिस’ त्यानंतरची. १९४४ साली तिचा पाया घातला गेला तो ‘एलिफंट’ या नावाने. महायुद्ध संपल्यावर ‘हर्मिस’ नावाच्या दुसऱ्याच नियोजित नौकेची तजवीज रद्द झाली, तेव्हा ते नाव या अर्धवट बांधलेल्या हत्तीच्या गळ्यात पडले. १९५३ साली जलावतरण, १९५९ साली नौदलात प्रवेश, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे प्रमुखपद, आणि १९८६ साली भारताने केलेली खरेदी, असा तिचा प्रवास. १२ मे १९८७ रोजी ती ‘विराट’ झाली. तिच्या डेकचे पुढचे टोक एकदम वर उचललेले होते. सी हॅरियर विमान थोडी धाव घेऊन त्या चढणीवरून आकाशात फेकले जाई, आणि परतताना इंजिनाचे झोत खाली वळवून उभ्याउभ्याच डेकवर उतरे. त्यामुळे लांबलचक धावपट्टीची गरजच उरली नव्हती. ही विमाने २०१६ साली निवृत्त झाली, आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ‘विराट’चाही निरोपसमारंभ झाला.

येथून पुढची हकिकत मात्र मनाला लागते, कारण ‘विराट’ भंगारात गेली. याउलट एका जुन्या नौकेचे पाहा. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ बांधली. तिची आदल्या वर्षीची मुंबईकर भगिनी ‘अँफिट्राइट’, हीही ग्रीक समुद्रदेवीच्या नावाची, केव्हाच मोडीत निघाली. पण ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडातल्या हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे, आणि लोक पैसे मोजून ती पाहतात. मुंबईचे दोनशे वर्षांचे लाकूड परक्यांना सांभाळता येते आणि आपल्याच ध्वजाखाली तीस वर्षे राबलेले पोलाद आपल्याला सांभाळता येत नाही, याचे समर्थन मला तरी सुचत नाही. नौका जतन करण्याचा खर्च अफाट होता हे खरे. पण तो अफाट असणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊकच होते.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीच्या समुद्रात ‘विराट’चे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली होती. योजना कागदावर राहिली. लिलावात नौका ३८ कोटी ५४ लाखांस गेली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर ओढत नेण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नौका वाचविण्याच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने तोडकामास स्थगिती दिली. दोन महिन्यांनी याचिका निकालात निघाली, तोवर नौकेचा बराचसा भाग कापून झालेला होता.