बेलवलकरांची चूक

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून निवृत्त होणाऱ्या कामगाराकडे राज्य नसतं. फंडाचे पैसे असतात, फार तर शेजारच्या सिडकोत एक घर. शोकांतिकेला तेवढंही पुरतं.

नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी ते ओळखलं. शेक्सपिअरचा लिअर राज्य वाटतो. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर आयुष्यभराची मिळकत मुलांना देऊन टाकतात. पुढे मुलाच्या घरी अपमान, मुलीच्या घरी चोरीचा आळ. 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका रंगवली. शस्त्रक्रिया सोडून रंगभूमीवर आलेल्या माणसाने!

नुसता अपघात म्हणजे शोकांतिका नव्हे, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितलं. तिचा नायक दुष्ट नसतो. स्वतःच्याच चुकीने कोसळतो. बेलवलकरांची चूक तर मायेतून झालेली, म्हणून अधिक झोंबते. मुलंही काही राक्षस नाहीत. नाटकाची खरी ताकद, खरं तर, इथेच आहे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने एक वाट ठेवली आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण पोटच्या पोराला घर देताना अट लिहून घ्यायला किती बाप धजावतील?