स्कार्लेटबरोबर मॅमीलाही पाहा!

रविवारची पावणेचार-चार तासांची सवड काढा आणि घरच्यांबरोबर 'गॉन विथ द विंड' पाहा. १९३९ सालचा हा चित्रपट, पण त्याचे रंग आजही डोळ्यांत भरतात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आणि स्कार्लेट आपल्याच प्रेमाच्या हट्टात! डॉक्टरांना शोधत ती अटलांटाच्या स्थानकाशी येते. कॅमेरा हळूहळू वर सरकतो नि जमिनीवर जखमींचा सडा दिसू लागतो. अखेर फाटका झेंडा. (त्या जखमींत कितीतरी चक्क बाहुल्या होत्या, तरी काळजात चर्र होतंच.) विव्हियन लीचा चेहरा तर पाहतच राहावा.

मात्र इथले गुलाम सुखी, समाधानी दिसतात, ते साफ खोटं. मुलं शेजारी असतील तर त्यांना तसं सांगायलाच हवं. स्कार्लेटला फटकारणाऱ्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं. कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेलं ते पहिलंच. पण १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात पहिला खेळ झाला, तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे तिला जाता आलं नाही. आणि १९४०च्या ऑस्कर समारंभातही तिचं टेबल सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगत मांडलेलं होतं.