सिकलसेलचा 'वाहक' म्हणजे रुग्ण नव्हे! जनुकांविषयीचा दावा असा पडताळा

'रक्तात सिकलसेल आहे' एवढ्या एका वाक्यावर जुळत आलेली सोयरीक मोडू शकते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार नवा नाही. पण त्याविषयी मोबाइलवर फिरणारी माहिती अनेकदा अर्धवट असते. मग खरे काय?

जनुकात नेमके काय होते?
'एचबीबी' हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. हिमोग्लोबिनचा एक भाग कसा बनवायचा, याची सूचना त्यात असते. हे जनुक प्रत्येकाकडेच असते. सिकलसेलमध्ये त्यात एक ठरावीक बदल झालेला असतो. जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. एकाच प्रतीत हा बदल असेल तर ती व्यक्ती वाहक (एएस), दोन्हींत असेल तर रुग्ण (एसएस). वाहकाला सहसा त्रास होत नाही.

बाळाला धोका किती?
आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी जन्मले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. एक पालक वाहक आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर बाळ फार तर वाहक होते. मात्र दुसरा पालक बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही धोका असतो. म्हणून तपासणी दोघांचीही हवी.

रिपोर्टमध्ये काय पाहावे?
प्राथमिक 'सोल्युबिलिटी' चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते.

खात्री कुठे करायची?
- अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'मेडलाइनप्लस जेनेटिक्स' या संकेतस्थळावर जनुकाचे नाव टाकून शोधा. माहिती मोफत आणि सोप्या इंग्रजीत मिळते.
- आजाराविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे संकेतस्थळ पाहा.
- भारतात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणीची चौकशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात करा.

मेसेज पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: जनुकाचे नेमके नाव दिले आहे का, अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, आणि मजकूर कोणी, कधी तपासला. स्वतःच्या रिपोर्टचा अर्थ मात्र डॉक्टर किंवा समुपदेशकाकडूनच समजून घ्या आणि लग्नाचा निर्णय त्यानंतरच घ्या.